पाच वाजेपर्यंत हरकत नसल्यास

४ मार्च

चिमे,

सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. स्टेशनरीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने पाकीट काउंटरवर सरकवलं आणि म्हणाला, "तुमचंच असणार. ह्या दुकानाच्या पत्त्यावर दुसऱ्या कुणाचं टपाल येत नाही." नुसतं पाकीट उचलून निघणं बरं दिसेना, म्हणून शाईच्या दोन बाटल्या घेतल्या. घरी अजून चार पडून आहेत.

पत्राला मायना नाही, खुशाली नाही. चार ओळी फक्त. तुझी लेक दोन मेला अठराची होते, अठरा पूर्ण झाली की तिकडे फौजेच्या यादीत नाव चढतं, आणि तुमच्या गल्लीतून गेलेल्या पोरींपैकी एकही परत आलेली नाही. "तिला तुझ्याकडे घे. मला घेतलं नाहीस तरी चालेल." हे शेवटचं वाक्य तू गाळू शकली असतीस. पण लहानपणीसुद्धा भांडण मिटल्यावर एक चिमटा काढल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही.

मी तिला घेणार आहे. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

तिचा एकच फोटो माझ्याकडे आहे. अकरा वर्षांची असतानाचा, सायकलवरून पडून पुढच्या दाताचा तुकडा उडाला होता तेव्हाचा. मागे तू लिहिलं होतंस, मामावर गेलीये, हट्टी आहे. मी हट्टी कधी होतो गं?

आता नीट ऐक. तुमच्या नव्या राज्यकर्त्यांनी फोन बंद केल्यापासून सगळं पत्रातूनच सांगायचं, आणि पत्राला आठवडा लागतो, तेव्हा एकदाच सविस्तर लिहितो. गेलं वर्षभर आमच्या परराष्ट्र खात्यात एकच काम चाललंय: बदलत्या जगात देशाच्या परराष्ट्र धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणं. जग बदललंय हे आमच्या खात्याला जरा उशिराच कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबलाभोवती सात खात्यांचे लोक बसतात. खिडक्या मागच्या रंगकामात चिकटल्या त्या चिकटल्याच, त्यामुळे सगळ्यांचा जीव घुसमटलेला. मी टेबलाच्या टोकाला बसतो आणि ते जे काही बडबडतात त्याचं वाक्य करतो. मसुदा लिहिणाऱ्याला स्वतःचं मत नसतं, निदान नसावं.

एकूण नऊ तत्त्वं आहेत. पहिलं म्हणतं, आपण कुणाच्याच गोटात नाही. दुसरं म्हणतं, आपण सगळ्यांचे मित्र आहोत. तिसरं म्हणतं, मैत्री हिताच्या आड आली तर हित आधी. "एवढी तीन वाचली की पुढची वाचायला नकोत," असं मी साहेबांना म्हणालो. ते हसले आणि मग म्हणाले, "हे बाहेर बोलू नका."

सहावं मात्र माझं आहे. आठ महिन्यांपूर्वी तुमच्याकडे रणगाडे रस्त्यावर आले, त्याच आठवड्यात मी ते लिहिलं. "शेजारी देशावर संकट ओढवल्यास आपल्या नागरिकांच्या निकटच्या नातेवाइकांना सीमा खुली राहील." इतकं साधं वाक्य मी तीस वर्षांत लिहिलं नव्हतं. ते कुणासाठी लिहिलं हे खात्यात कुणालाही ठाऊक नाही.

सध्या पुलावर काही नेम नाही. एखादा कारकून सोडतो, एखादा हाकलून देतो. पोरीला अशा नशिबाच्या खेळावर पाठवू नकोस. नाववाल्यांच्या नादीही लागू नकोस, नदी किती ओढीची आहे ते तुला माहीत आहे. एप्रिलच्या मध्यावर तत्त्वं जाहीर होतील आणि तुझी लेक राजरोस, दिवसाढवळ्या, पाठीला दप्तर लावून पुलावरून चालत येईल. मी अलीकडे उभा असेन.

दादा


१९ मार्च

चिमे,

"तुझ्या एका वाक्यावर मी किती दिवस बसून राहू?" असं तू विचारतेस. रास्त आहे. सांगतो.

आमच्या समितीत सुरक्षा खात्याचा एक अधिकारी आहे. त्याला आम्ही टाचणी म्हणतो. दिसायलाही तसाच, आणि प्रत्येक कागदाला टोचल्याशिवाय राहत नाही. त्याने सहाव्या तत्त्वावर बोट ठेवलंय. म्हणाला, "निकटचे नातेवाईक म्हणजे कोण? आज भाची, उद्या भाचीची नणंद. दार एकदा किलकिलं केलं की संपलं." टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. 'भाची' हा शब्द त्याने सहज वापरला होता, त्याला काही माहीत नाही.

त्याने स्वतःचा एक पर्याय दिलाय. तो आता सगळ्या खात्यांकडे फिरेल. इथे आमची एक पद्धत आहे, ती तुला सांगायला हवी, म्हणजे मी इतका निर्धास्त का आहे ते कळेल. मसुदा फिरवताना त्यावर लिहितात: शुक्रवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत हरकत नसल्यास संमती धरली जाईल. कुणी 'हो' म्हणायची गरज नाही, सही नाही, मतदान नाही. पाच वाजले आणि कुणी बोललं नाही, की झालं. देशाची निम्मी धोरणं अशीच झालेली आहेत, लोक चहाला गेले असताना.

आणि हरकत घ्यायलाही काही लागत नाही. कुठल्याही एका सभासदाने एक ओळ लिहायची. मसुदाकारालासुद्धा तो हक्क आहे. एक ओळ आली की पर्याय बाद, मूळ वाक्य कायम. शुक्रवार अजून दोन दिवसांवर आहे आणि माझ्याकडे शाईच्या सहा बाटल्या आहेत. समजलं ना? तू पोरीचे कपडे बांधायला घे.

तिला थंडीचं एखादं पांघरूण दे. माझ्या घरात मी एकटाच, दुसरं पांघरूण विकत घेणं झालंच नाही.

दादा


३० मार्च

चिमे,

कामाच्या रगाड्यात लिहायला उशीर झाला. सहाव्या तत्त्वाचं थोडं मागेपुढे चाललंय, वरच्या लोकांचं एकमत व्हायचंय. अशा मोठ्या दस्तऐवजात हे व्हायचंच. काळजीचं कारण नाही. एप्रिलच्या मध्यावर सगळं सुरळीत होईल.

इथे खात्यात चौकशीचं एक खूळ निघालंय. कुणाचं कोण परदेशात आहे, कुणाला कुठून पत्रं येतात. एक गृहस्थ प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन जुने अर्ज पडताळून बघतात. माझ्या टेबलाशी दोनदा येऊन गेले. स्टेशनरीचं दुकान सध्या माझ्या वाटेवर पडत नाही, मी दुसऱ्या रस्त्याने जातो, त्या बाजूला सावली असते. तुझं काही आलं असेल तर सवडीने आणीन.

परवा कपाट आवरताना आपण केलेला 'तह' सापडला. खोलीच्या मधोमध खडूने रेघ, डावी बाजू तुझी, उजवी माझी, आणि खिडकी दोघांची. तू आठ वर्षांची होतीस, आणि खाली लिहिलं होतंस, "दादा रडला तर रेघ पुसायची." मी नाही, तूच रडायचीस. हे तू उलटं का लिहिलंस?

पोरीला आशीर्वाद.

दादा


१३ एप्रिल

चिमे,

काल तत्त्वं जाहीर झाली. मोठ्या सभागृहात झेंडे, फुलं, चकचकीत पुस्तिका. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. परवा पंधरा तारखेपासून पुलावर अंमल सुरू होतोय.

सहावं तत्त्व आता असं आहे: "शेजारी देशावर संकट ओढवल्यास सीमा परकीय नागरिकांना बंद राहील, नाते हे अपवादाचे कारण धरले जाणार नाही."

मागच्या पत्रात मी तुला थापा मारल्या. वरच्या लोकांचं मागेपुढे वगैरे काही नव्हतं. ते पत्र लिहिलं तेव्हा सगळं ठरून नऊ दिवस झाले होते. त्या शुक्रवारी काय झालं ते सांगतो, आणि या वेळी काही गाळत नाही.

दुपारी तीन वाजता मी कागद पुढे घेतला. हरकतीची ओळ मनात तयार होती. पण हरकतीखाली एक रकाना असतो: हरकत घेणाऱ्याचा विषयाशी व्यक्तिगत संबंध. आणि एकवीस वर्षांपूर्वी, तुझं लग्न होऊन तू तिकडे गेलीस त्या वर्षी, मी खात्याच्या अर्जात 'परदेशातील नातेवाईक' या रकान्यात 'निरंक' लिहिलेलं आहे. म्हणजे कुणी नाही. तेव्हा तुमच्या देशाशी आमचे संबंध बिघडले होते आणि मला मसुदा विभागात घ्यायचं चाललं होतं. एका शब्दाचा प्रश्न होता, मी लिहून टाकला. म्हणूनच तुझी पत्रं दुकानात येतात. तुला मी सांगितलं होतं की माझ्या घरचा पोस्टमन विसराळू आहे.

आता खरं लिहिलं तर एकवीस वर्षांचं खोटं बाहेर, खोटं लिहिलं तर ते चौकशीवाले गृहस्थ होतेच. माझी पाचावर धारण बसली. चार वाजले. साडेचार वाजले. टाचणी समोरच्या खुर्चीत बसून सफरचंद सोलत होता. मला म्हणाला, "तुमचं काही आहे का?" मी नाही म्हणून मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले आणि साहेबांनी कागदावर शिक्का मारला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. टाचणीचा मसुदा गचाळ होता. 'सीमा शक्यतो बंद राहील' असं त्याने लिहिलं होतं. साहेब म्हणाले, जरा हात फिरवा. मार्गदर्शक तत्त्वात 'शक्यतो' म्हणजे बोटचेपेपणा, तो शब्द मी पहिल्या झटक्यात काढला. सवयच ती. वाक्य घट्ट झालं आणि मला, कबूल करतो, क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

आता दुसरं. आईच्या शेवटच्या आजारपणात तू यायचा अर्ज केला होतास. मी तुला कळवलं की वरून नामंजूर झाला. कुणीही नामंजूर केला नव्हता. माझ्याकडे फक्त एक चिठ्ठी आली होती: अर्जदार तुमची बहीण आहे काय, पंधरा दिवसांत कळवावे. मी कळवलं नाही. पंधरा दिवसांनी अर्ज आपोआप निकाली निघाला. आई रोज विचारायची, "चिमी निघाली का?" आणि मी म्हणायचो, "निघेल." तुला याचा संशय होता म्हणूनच तू पत्रं बंद केलीस, हे मला आत कुठेतरी ठाऊक होतं.

हे पत्र हातात पडलं की पोरीला पुलाकडे पाठवू नकोस. तिला तिथून परत लावतील. नाववाल्यांना विचार, डोंगरातली वाट शोध, माझं आधीचं सगळं विसर. उद्या सकाळी मी दुकानात जाणार आहे, कुणी बघो न बघो.

दादा


१४ एप्रिल

चिमे,

तुझं अठ्ठावीस मार्चचं पत्र आत्ता, सकाळी सव्वादहाला, माझ्या हातात आलं. म्हातारा रागावला होता. "दहा दिवस झाले येऊन. मी दोनदा दारात उभा राहून तुम्हाला हाक मारली, तुम्ही पलीकडच्या फुटपाथवरून मान खाली घालून गेलात."

काउंटरला टेकून वाचलं. तुझीच वाक्यं उतरवतो, म्हणजे मी ती वाचली याचा पुरावा राहील.

"दादा, तुझ्या खात्याची पद्धत समजली. मीही तीच लावते. चौदा तारखेला सकाळच्या बसने लेकीला पुलाकडे पाठवते आहे, सोळाला ती पोचेल. तुझी हरकत असेल तर तेराच्या संध्याकाळी पाचच्या आत मला कळव. काही आलं नाही तर तुझी संमती आहे असं धरीन. आयुष्यभर तू गप्प बसत आलास. एकदा तरी त्याचा मला उपयोग होऊ दे."

त्यातच माझं तीस तारखेचं पत्र तुला मिळालं असणार. काळजीचं कारण नाही, एप्रिलच्या मध्यावर सगळं सुरळीत. म्हणजे मी नुसता गप्प बसलो नाही, वर हिरवा कंदीलही दाखवला.

दुकानात घड्याळ होतं. तुमची बस सकाळी सातची असते ना? ती सुटून तीन तास झाले होते.

मी आत्ता साहेबांकडे जातो आहे. एका मुलीपुरता अपवाद मागतो.

दादा


१७ एप्रिल, पुलाजवळच्या चौकीतून

चिमे,

साहेब भेटले ते चौदाला संध्याकाळी. म्हणाले, अपवादाचा अर्ज लेखी द्या. पंधराला मी तो लिहिला, नेटका, चार परिच्छेदांत. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "अहो, अपवाद कुठून देऊ? तुम्हीच फट ठेवली नाहीत." एक अख्खा दिवस मी अर्जात घालवला. चौदाच्या रात्रीच निघालो असतो तर सोळाला सकाळी इथे असतो. मी इथे पोचलो आज दुपारी बारा वाजता.

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. टेबल, रजिस्टर, पाण्याचा माठ आणि सर्दीने बेजार झालेला एक कारकून. माणूस भला आहे. मला बसायला त्याने स्वतःचं स्टूल दिलं. मी विचारलं, "काल एक मुलगी आली होती का? सतराची. पुढच्या दाताचा तुकडा उडालेला."

त्याने नाक पुसलं. "आली होती. सकाळी नऊच्या सुमाराला. पाठीवर दप्तर, आणि वर एक जाड पांघरूण गुंडाळलेलं. एवढ्या उन्हात पांघरूण कशाला, म्हटलं, तर म्हणाली, मामांनी आणायला सांगितलंय."

तो पुढे बोलत राहिला. "मामा आहेत म्हणाली इकडे, मोठ्या खात्यात. मी विचारलं, त्यांचं काही पत्र, परवाना? तर म्हणाली, पत्र नाही, पण मामांची हरकत नाहीये. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, पोरी, हरकत मामांची नाही गं, ह्या पुस्तिकेची आहे." आणि त्याने ती चकचकीत पुस्तिका टेबलावर माझ्यापुढे टाकली. सहाव्या तत्त्वाचं पान दुमडलेलं होतं.

"मागच्या आठवड्यापर्यंत मी सोडत होतो हो," तो म्हणाला. "पोरीबाळी, म्हाताऱ्या. कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी असायचं. आता हे बघा. कुणी लिहिलंय कोण जाणे, बोट शिरेल एवढी जागा नाही. नुसता एक 'शक्यतो' असता ना, तरी मी तिला आत घेतली असती."

तुला आठवतं, लहानपणी मी खोटं बोललो की कान लाल व्हायचे आणि तू सगळ्यांना दाखवायचीस. आज कुणी दाखवायला नव्हतं. मी खाली बघत बसलो. मग म्हणालो, "मीच लिहिलंय." कारकून माझ्याकडे बघतच राहिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, कारण चौकशीला आलेल्या माणसाची नोंद करावीच लागते. 'मुलीशी नातं' या रकान्यात मी लिहिलं: सख्खा मामा. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच कुठल्यातरी सरकारी कागदावर खरं लिहिलं, आणि त्याचा आता कुणाला काडीचा उपयोग नाही.

ती पलीकडच्या कठड्याशी संध्याकाळपर्यंत बसून होती म्हणे. कारकुनाने तिच्यासाठी पाण्याची बाटली पाठवली. दर थोड्या वेळाने उठून इकडे बघायची, बहुधा मामा दिसतो का म्हणून. मला ओळखायला तिच्याकडे काय होतं? तुझ्याकडे माझा जो फोटो आहे त्यात माझे केस काळे आहेत. सहा वाजता पलीकडच्या फौजेची एक गाडी आली आणि कठड्यावरची माणसं पांगली. गाडीत कुणाला घेतलं का, ते कारकुनाला सांगता आलं नाही. आज सकाळी तिथे कुणी नव्हतं. पांघरूण कठड्यावर पडलेलं आहे. इथून दिसतं. निळं आहे, काठाला पांढरी पट्टी. आईचं आहे ना ते?

मी कारकुनाला म्हटलं, मला पलीकडे जाऊ द्या, मी तुमचाच नागरिक आहे. तो म्हणाला, "इकडून कुणी अडवत नाही, पण तिकडून परत सोडणार नाहीत, आणि तिकडे गेल्यावर शोधणार कुठे?" तरी मी पुलाच्या मध्यापर्यंत गेलो. तिथे त्यांच्या शिपायाने बंदूक आडवी केली. चिमे, मी परत फिरलो. माझ्याकडून दुसऱ्या कशाची अपेक्षा तूही केली नसतीस.

माणसांना पूल बंद आहे, पण टपालाची गाडी रोज साडेपाचला जाते. कागदांना कुठलंही तत्त्व आडवं येत नाही. आता पाच वाजत आलेत, म्हणून घाईत लिहितोय. हे तुला मिळायला आठवडा, तुझं उत्तर यायला आठवडा, म्हणजे दोन मेच्या आत-बाहेर. मी इथेच आहे. खात्याला कळवलेलं नाही, तेच काय ते ठरवतील. उत्तर ह्या चौकीच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नावाने, उघड.

ती घरी परत आली असेल तर तेवढे दोन शब्द लिही. आली नसेल तर तसं लिही. मला शिव्या घालायच्या असतील तर कागद पुरणार नाही, तरी घाल.

पण गप्प बसू नकोस. दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावणं हा माझा धंदाच होता, आणि प्रत्येक वेळी मला सोयीचा तोच अर्थ मी लावला. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मला लावता यायचा नाही. माझ्यावर हरकत घे, चिमे. पाच वाजून गेले तरी चालेल.

दादा